पुण्यात दलित-बहुजन पॉलिअ‍ॅमरस लोकांसाठी बैठक सुरू करायची आहे. कुठे, कशी, आणि कोणाला बोलवायचं?

नागझरी

जय भीम मंडळी.

मी विश्रांतवाडीला राहते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मला दोन जोडीदार आहेत आणि दोघांना एकमेकांबद्दल सगळं माहीत आहे, यालाच पॉलिअ‍ॅमरी म्हणतात. एकजण पिंपरीचा, आपल्यातलाच. दुसरी कोथरूडची, ती आपल्यातली नाही. घरच्यांना यातलं काही ठाऊक नाही, पण आम्हा तिघांत काही लपलेलं नाही. एवढी ओळख पुरे.

महिन्यातून एकदा पुण्यातल्या दलित-बहुजन पॉलिअ‍ॅमरस माणसांना निवांत बसून बोलता येईल अशी जागा उभी करायची माझी इच्छा आहे. जोड्या जुळवायला नाही, फक्त बोलायला. घरचे स्थळं आणतात तेव्हा काय सांगायचं, मत्सर वाटला तर कुणाकडे बोलायचं, आजारपणात दवाखान्यात नातेवाईक म्हणून कुणाचं नाव लिहायचं, असलं सगळं.

वेगळी बैठक कशाला, असं कुणी विचारेलच, म्हणून आधीच सांगते. कोरेगाव पार्क, कल्याणीनगरकडच्या कॅफेंमध्ये या विषयावर अधूनमधून गप्पा होतात, तिथे मी गेले आहे. माणसं वाईट नव्हती. मी नुसतं पहिलं नाव सांगितलं, तर ‘पूर्ण नाव?’ आडनाव सांगितलं, तर ‘गाव कुठलं?’ गाव सांगितल्यावर एक गृहस्थ अगदी कौतुकाने म्हणाले, ‘तुमच्यात बरं आहे, तुमच्यात पहिल्यापासूनच मोकळं असतं.’ टेबलावर कुणी काही बोललं नाही. समोरच्या बाईंनी मेन्यूकार्ड उचलून वाचायला सुरुवात केली.

याच वाक्याच्या धाकाने माझ्या आजीने जन्मभर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. वस्तीतली बाई म्हणजे कुणाचीही, ही गावाची समजूत तिने सोसली. वरून जोगतिणी-मुरळ्यांचं नाव घ्यायचं आणि आमच्या सगळ्याच बायकांना त्यात ओढायचं. त्या घरातली नात जेव्हा म्हणते की माझं दोघांवर प्रेम आहे, तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय येतं हे मला तोंडावर कुणी सांगायला लागत नाही. आणि आपल्याच लोकांना सांगावं, तर ते म्हणतात, ‘आधीच लोक आपल्या बायकांबद्दल काय काय बोलतात, त्यात तू भर घालू नकोस.’ दोन्हीकडून एकच ओझं.

हे ओझं दुसऱ्या कुणी उचललेलं मला अटलांटातल्या एका मैत्रिणीमुळे कळलं. आधीच्या नोकरीत आम्ही फोनवर रात्रपाळीचं काम एकत्र करायचो. ती कृष्णवर्णीय आहे, तिचेही एकाहून अधिक जोडीदार आहेत आणि ती तिथे फक्त कृष्णवर्णीय पॉलिअ‍ॅमरस लोकांच्या भेटी भरवायला मदत करते. तिने सांगितलं ते असं. गुलामगिरीत तिच्या पणज्यांच्या लग्नाला कायद्यात काही किंमत नव्हती. मालकाच्या मनात आलं की नवरा एकीकडे विकायचा, बायको दुसरीकडे. पुढे १९६५ मध्ये मॉयनिहान नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने अहवाल लिहिला आणि कृष्णवर्णीयांच्या गरिबीचं खापर बरंचसं त्यांच्या कुटुंबांच्या घडणीवर, घर चालवणाऱ्या बायकांवर फोडलं. म्हणून तिथेही चर्चमधल्या मावश्या हेच म्हणतात : गोऱ्यांच्या हातात आयतं कोलीत देऊ नका. आणि गोऱ्यांच्या पॉलिअ‍ॅमरी भेटींना गेलं, तर तिथे सबंध खोलीत ती एकटीच काळी. कुणी केसांना हात लावतं, कुणाला ती ‘अनुभव’ म्हणून हवी असते. माणूस म्हणून ओळख करून घेणारे कमी. म्हणून त्यांनी आपली खोली केली.

हे ऐकताना मला परकं असं काहीच वाटलं नाही. पुण्यात बसून जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. दलित पँथरने १९७२ मध्ये नाव घेतलं ते तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. चळवळीत आपण त्यांच्याकडून घेतलं, मग घराच्या आतल्या गोष्टीत का घेऊ नये?

तिच्या भेटीतल्या काही गोष्टी मला फार आवडल्या. कुठल्याही घरी किंवा बारमध्ये नाही, तर वाचनालयाच्या खोलीत भेटतात. दारात एकजण फक्त नव्या माणसाचं स्वागत करायला उभा असतो, जेणेकरून कुणी कोपऱ्यात एकटं पडू नये. फोटो नाही म्हणजे नाही. पहिल्यांदा येणाऱ्याशी आधी फोनवर बोलणं होतं.

आता माझे प्रश्न. पुण्यात अशी जागा कुठे मिळेल, जिथे दर माणशी चारशेचं बिल होणार नाही? माणसांपर्यंत पोचायचं कसं? आलेला माणूस आपल्यातला आहे हे ओळखायचं कसं, कारण आडनाव विचारायचं नाही हे माझं पक्कं आहे. आणि सगळ्यात अडलेली गोष्ट : माझ्या कोथरूडच्या जोडीदाराने यायचं की नाही?

---

भीमाकाठ

जय भीम ताई. वाचून बरं वाटलं. मी इथे काही वर्षं आपल्या समलैंगिक मुलामुलींच्या छोट्या बैठका घेतो, तेव्हा अनुभवावरून लिहितो.

जागेचं आधी. बाग नको. संभाजी बागेत किंवा सारसबागेत चारपाच जण गोल करून बसले की रखवालदार दोनदा चक्कर मारतो आणि शेजारच्या बाकावरचे आजोबा कान टवकारतात. टेकडीही नको, अंधार पडल्यावर मुली तिथून खाली उतरणार कशा? कुणाच्या फ्लॅटवर ठरवलंत, तर सोसायटीच्या गेटवरचं अ‍ॅप प्रत्येकाचा फोटो काढतं, नाव-नंबर घेतं आणि ती नोंद राहते. वस्तीतल्या विहाराचं तर नावच काढू नका. जागा आपली आहे, पण तिथे प्रत्येकाची मावशी आहे.

मला चालली ती तासावर भाड्याने मिळणारी ऑफिसची मीटिंग रूम. शनिवारी दुपारी त्या ओस पडलेल्या असतात, दारावर पाटी नसते, आणि दहाबारा जणांत वाटलं तर चहापेक्षा थोडं जास्त पडतं. ट्रस्टच्या सभागृहात भाडं कमी असतं, पण ते संस्थेचं पत्र मागतात आणि ‘विषय काय?’ हा रकाना भरायला लावतात. मेट्रोला लागून असेल अशी जागा बघा. शिवाजीनगर कोर्टाच्या स्टेशनवर दोन्ही मार्ग मिळतात, म्हणजे पिंपरी, दापोडी, येरवडा, स्वारगेट, सगळीकडची माणसं एका तिकिटात येतात आणि कुणाला कुणाच्या गाडीवर बसून यावं लागत नाही. हा मुद्दा बायकांनीच मला शिकवला.

वेळ दुपारी तीन ते सहा. रविवार सकाळ टाळा, वंदनेला जाणारे येत नाहीत. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, तर ग्रंथवाचन सुरू असतं, रविवार पूर्णच जातो. एप्रिलचा पहिला पंधरवडा आणि डिसेंबरचा पहिला आठवडा मोकळा सोडा, पालख्या पुण्यात असतात ते दिवसही.

आता पैशाचं. वर्गणी यूपीआयने घेऊ नका. पैसे पाठवले की समोर बँकेतलं पूर्ण नाव दिसतं, आडनावासकट. एक डबा ठेवा, ज्याला जमेल त्याने त्यात नोट टाकावी. तसंच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि नंबर हाती आला की नाव शोधायला मिनिट लागत नाही. सिग्नल अ‍ॅपवर २०२४ पासून युजरनेम घेता येतं, नंबर लपवता येतो. तिथे करा.

आपल्यातला कोण, हे ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. जातीचा दाखला मागणार आहात का? फोनवर एवढंच विचारा, ‘ही बैठक दलित-बहुजनांसाठी आहे, तुम्ही स्वतःला त्यात धरता का, आणि का यावंसं वाटतं?’ खरा माणूस या प्रश्नाला लांब उत्तर देतो. त्याला आजवर कुणी विचारलेलंच नसतं. बघे पहिल्या दोन वाक्यांतच ‘तिथे मुली किती असतात’वर येतात.

आणि ‘हे आपलं काम नाही’ असं म्हणणारे भेटतील. त्यांना सांगा, लैंगिक शिक्षणावरच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा, १९३४ साली, त्याचे संपादक र. धों. कर्व्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं होतं. खटला हरले. पण लैंगिक गोष्टींवर उघड लिहिण्याचा हक्क हा बाबासाहेबांना कोर्टात उभं राहण्याइतका महत्त्वाचा वाटला होता.

---

सोमवारपेठ

मीही पॉलिअ‍ॅमरस आहे, जन्माने ब्राह्मण. मनापासून विचारतो, राग नसावा. आपण आधीच मूठभर आहोत. त्यातही जातीची भिंत घातली तर उरणार किती? प्रेमात तरी जात नको, म्हणून तर मी या वाटेला आलो.

---

नागझरी

@सोमवारपेठ, दादा, राग नाही. तुम्ही विचारलंत ते बरं झालं.

प्रेमात जात नको हे मलाही हवं आहे. पण त्या कॅफेत माझं गाव विचारलं गेलं तेव्हा जात टेबलावर मी आणली नव्हती. तुमच्या भेटीत तुम्ही बसता तेव्हा तुमच्याकडे बघून कुणी ‘तुमच्यात हे चालतंच’ म्हणत नाही. तुम्ही दोघांवर प्रेम केलंत तर ते विचार करून घेतलेलं पाऊल ठरतं, मी केलं तर तो माझ्या जातीचा गुण ठरतो. हा फरक ज्या खोलीत सांगावा लागत नाही अशी खोली मला महिन्यातून तीन तास हवी आहे. बाकी सबंध महिना आपण एकत्रच आहोत.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल, तर तुमच्या भेटींमध्ये पूर्ण नाव विचारणं बंद करा. आणि कुणी माझ्यासारखीला तसं वाक्य बोललं, तर त्याच क्षणी, तिच्यासमोर, बोला. नंतर एकटीला गाठून ‘सॉरी, तो तसाच आहे’ म्हणण्याचा काही उपयोग होत नाही.

---

सोमवारपेठ

पटलं. पुढच्या भेटीत नावाचा मुद्दा मी काढतो. आमच्याकडे नावनोंदणीच्या फॉर्मवरच आडनावाचा रकाना आहे, तो काढायला सांगतो.

---

पिंपरीची_वकील

नागझरीताई, कायद्याचं थोडं सांगते. बैठकीत हा विषय पहिल्याच दिवशी निघणार.

सज्ञान माणसांनी आपापल्या मर्जीने एकाहून अधिक नाती ठेवणं हा गुन्हा नाही. व्यभिचाराचं ४९७ कलम सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केलं, समलैंगिक संबंधांवरच्या ३७७ कलमाचा निकालही त्याच महिन्यातला. पण लग्न झालेलं असताना दुसरं लग्न लावणं हा गुन्हा आहेच. आधी ४९४ कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ८२, शिक्षा सात वर्षांपर्यंत. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, तेव्हा ‘आम्ही बौद्ध पद्धतीने साधेपणाने केलं’ ही पळवाट नाही. आणि गुन्हा नसला तरी विवाहबाह्य शरीरसंबंध हे घटस्फोटाचं कारण अजूनही आहे. लग्न झालेल्यांनी हे नीट समजून घ्यावं.

जास्त काळजी मला बायकांची वाटते. लग्नासारखं नातं असेल तर कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याचं संरक्षण मिळतं, पण २०१० च्या वेलुसामी निकालात सुप्रीम कोर्टाने अट घातली की दोघंही लग्नाला पात्र, म्हणजे अविवाहित असली पाहिजेत. म्हणून विवाहित पुरुषाबरोबर राहणारी दुसरी जोडीदार बहुतेक वेळा उघड्यावर पडते. वर्षानुवर्षं घरात पैसे घालते, भाडेकरारावर नाव फक्त त्याचं. माझ्याकडे आलेल्या बायकांना मी पहिलं हेच विचारते, करारावर तुझं नाव आहे का? भाडेकरार, बँकेतलं नॉमिनेशन, मृत्युपत्र, एवढे तीन कागद नीट केले तरी पुष्कळ होतं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवावी.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिल शहराने २०२० मध्ये दोनहून अधिक जणांच्या सहजीवनाची नोंद करायला सुरुवात केली, शेजारच्या केंब्रिजने २०२१ मध्ये. आपल्याकडे तसलं काही नाही. म्हणून कागदाची काळजी आपणच घ्यायची. एखाद्या शनिवारी मी येऊन यावर बोलेन, फी नको.

---

इंद्रायणी_मेमू

ताई, मी देहूरोडहून. नवरा आणि मी दोघांनी मिळून हे ठरवलंय, मुलगी सात वर्षांची आहे. मी एवढंच मागेन की बायकोला अंधारात ठेवून येणाऱ्या पुरुषांना दारातूनच परत पाठवा. आमच्या ओळखीतल्या एकाने ‘मी पॉली आहे’ म्हणत दोन मुलींना फिरवलं, आणि घरी बायको समजते की तो ओव्हरटाइम करतो. फोनवर बोलताना विचाराच, घरी माहीत आहे का?

दुसरं म्हणजे लेकरं. मुलीला कुठे ठेवून येऊ, हा माझा दर वेळचा प्रश्न असतो. सासूबाईंकडे ठेवलं तर कुठे चाललीस विचारतात. खोलीच्या एका कोपऱ्यात सतरंजी टाकून रंगपेट्या ठेवल्यात तर माझ्यासारख्या दोघीतिघी नक्की येतील. मुलांदेखत काय बोलायचं ते आम्ही सांभाळू.

---

भीमाकाठ

इंद्रायणीताईंचा मुद्दा बरोबर, फक्त एक दुरुस्ती सुचवतो. ‘घरी माहीत आहे का’ असं नको, ‘तुमच्या जोडीदारांना माहीत आहे का’ असं विचारा. आईवडिलांना माहीत नसणारे आपण सगळेच आहोत.

आणि नागझरीताई, तुमच्या कोथरूडच्या जोडीदाराबद्दल. माझं मत असं की सुरुवातीच्या बैठका फक्त आपल्याच ठेवा. माणसं पहिल्यांदा मोकळी होतात तेव्हा बरंचसं बोलणं जोडीदाराच्या घरच्यांबद्दल असतं : ताटं वेगळी ठेवली, सणाला बोलावलं नाही, तिच्या आईने आडनाव ऐकून फोन ठेवला. ते जोडीदारासमोर निघत नाही, तो कितीही चांगला असला तरी. मग तीनचार महिन्यांतून एक बैठक जोडीदारांसकट घ्या. तिथे त्यांनी ऐकायचं जास्त.

---

नागझरी

सगळ्यांचे आभार. काल तिच्याशी बोलले. तिला थोडं लागलं, हे खोटं सांगणार नाही. ती म्हणाली, ‘तुझ्या आयुष्यातली एक खोली मला बंद.’ मी म्हटलं, हो, बंद. तिने बराच वेळ काही उत्तर दिलं नाही आणि मग विचारलं की जोडीदारांची बैठक कधी. मी अटलांटाच्या मैत्रिणीलाही विचारलं होतं. त्यांच्याकडेही असंच आहे, काही भेटी फक्त त्यांच्या आणि काही सगळ्यांना घेऊन, आणि कुठली कोणती हे निमंत्रणावर स्पष्ट लिहितात, दारात कुणाचा अपमान होऊ नये म्हणून. मीही तसंच लिहिणार.

तर ठरलं ते असं. महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी तीन. जागा कोर्टाच्या मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल अशी. पत्ता इथे टाकणार नाही, फोनवर बोलणं झाल्यावर सिग्नलवर कळवेन. फोनवर तीन गोष्टी विचारल्या जातील : तुम्ही स्वतःला दलित-बहुजन धरता का, तुमच्या जोडीदारांना माहीत आहे का, आणि तुम्हाला कशाबद्दल बोलायचंय. जोडीदार नसला, नुसता विचार पटत असला, तरी या. आडनाव सांगायचं नाही, विचारायचंही नाही. नावही खरं नसलं तरी चालेल. फोन दारातल्या टोपलीत. ज्यांना घरून फोन येऊ शकतो त्यांनी जवळ ठेवावा, पण खिशात. वर्गणीचा डबा, आणि ज्याच्याकडे नाही त्याने काही टाकू नये, कुणी बघणार नाही. सतरंजी आणि रंगपेट्या मी आणते.

पहिल्या भेटीला विषय ठेवलेला नाही. दुसऱ्या भेटीला वकीलताई कागदपत्रांवर बोलतील, चालेल ना ताई? येताना भाडेकरार असेल त्यांनी त्याची झेरॉक्स आणावी, नावं पेनने खोडून.

दोन माणसं हवी आहेत. एक दारात उभं राहायला, हसतमुख आणि कमी बोलणारं. एक माझ्याबरोबर फोन घ्यायला, शक्यतो पिंपरी-चिंचवडकडची बाई, कारण तिकडच्या मुलींना तिकडचीच बोली ऐकली की बरं वाटतं. माझी संध्याकाळची पाळी नऊला सुटते, त्यानंतर मी बोलू शकते. ज्यांना जमेल त्यांनी इथेच खासगी निरोप टाका.